चाळणीची वकिली

"कोई म्हणजे काय ओ, रंग दिलेला सायप्रिनस! हिडकल धरणाच्या पाण्यात जाळं टाकलं की तोच घावतोय. आणि त्याला तुम्ही मशीन लावायलाय!"

निपाणीत भाच्याच्या साखरपुड्यात, जेवणं उरकल्यावर पानाला चुना लावता लावता आमच्या दाजींनी हे वाक्य टाकलं आणि मांडवात हशा पिकला. मी बेळगावहून गेलेला मेहुणा. दाजींशी वाद घालायचा तर जपून घालावा लागतो, त्यात कार्य त्यांच्या घरचं. मी सुपारी चघळत गप्प बसलो. पण हे मत एकट्या दाजींचं असतं तर गप्पच राहिलो असतो. कोई ह्या शोभेच्या माशांचा हौद बांधला की काठावर असे एक दाजी येऊन उभे राहतातच. कुणी निवृत्त इंजिनीयर असतं, कुणी शेजारचे काका, कुणी गावाकडून आलेला चुलता. हातात चहाचा कप, नजर पाणी गाळत फिरणाऱ्या ड्रमवर, आणि ओठांवर हेच वाक्य. साखरपुड्यात गिळलेलं उत्तर म्हणून इथं काढतो आहे.

आधी दाजींचं जे खरं आहे ते त्यांना देऊन टाकू. जात एकच, सायप्रिनस कार्पिओ. १९३९ साली हा मासा सिलोनहून निलगिरीत आणला गेला, १९५७ साली त्याचा दुसरा वाण बँकॉकहून आला, आणि पुढं मत्स्यबीज सोडता सोडता तो देशभरच्या तळ्याधरणांत पसरला. इतका, की बाजारात त्याचं शास्त्रीय नावच मराठी झालं. जपानात नीगाता भागातल्या डोंगरी खेड्यांत भातशेती करणारे लोक हाच मासा खायला पाळत. त्यात मधूनच तांबडी-पांढरी पिल्लं निघायची, ती त्यांनी वेगळी काढली, पिढ्यान् पिढ्या निवडली, आणि १९१४ सालच्या टोकियोच्या प्रदर्शनात ती शहरी लोकांपुढं मांडली. तेव्हा 'रंग दिलेला' हा शब्द चुकीचा, 'निवडलेला' म्हणा. बियाणं निवडणं म्हणजे काय हे निपाणीसारख्या तंबाखूच्या गावाला मी शिकवायला नको.

पण 'हिडकलमध्ये जगतो' ह्या वाक्यात मासा खरा आणि पाणी खोटं आहे. एक हेक्टरचं गावतळं धरा, पाणी दीड मीटर. म्हणजे दीड कोटी लिटर. त्यात कुणी नेटानं मासे वाढवले आणि तीन टन काढले, तर ते चांगलं पीक म्हणायचं. आता भागाकार करा: मासे काढायच्या दिवशी, म्हणजे तळं सगळ्यात भरलेलं असताना, किलोभर माशामागं ५,००० लिटर पाणी पडतं. माझा हौद २०,००० लिटरचा. त्यात बारा कोई, प्रत्येकी दोन किलोच्या आसपास, मिळून २४ किलो. किलोमागं साधारण ८३० लिटर. म्हणजे मी, जो स्वतःला संयमी समजतो, तोसुद्धा भरलेल्या गावतळ्याच्या सहापट गर्दी करून बसलोय. हिडकलचं तर नावच काढू नका. मोकळ्या माळावर बसणं आणि लग्नसराईत निपाणी-बेळगाव एसटीत उभं राहणं, दोन्हीकडं माणूस जगतोच की. मग एकीकडं खिडकी उघडायला कोण धडपडतं?

शिवाय तळ्याला चिखल असतो, शेवाळ असतं, काठाला लव्हाळं असतं, उघडं पाणी ढवळणारा वारा असतो. मासा जे टाकतो ते खाणारं, कुजवणारं, शोषणारं सगळं तिथं बसलेलं असतं. तळ्याला स्वतःचं पोट आहे. हौदाला ते नसतं, म्हणून ते बाहेर बांधायचं आणि पाइपानं जोडायचं. फिल्टर फिल्टर म्हणतात ते हेच.

ह्यावर वाचलेले दाजी असले तर (आमचे वाचतात, पण पेपर) ते म्हणतील, खुद्द जपानी लोक कोई मातीच्या तळ्यात वाढवतात, तिथं कुठं ड्रम आहे? बरोबर. उन्हाळ्याचे महिने मातीच्या तळ्यात, मोजके मासे, डोंगरातून उतरणारं पाणी. आणि शरद ऋतूत तळी उपसून तेच मासे आत, छपराखालच्या काँक्रीटच्या हौदात आणतात. तिथं फिल्टर असतो. तळ्याचा नियम तळ्याला आणि हौदाचा हौदाला, हे ज्यांनी कोई निर्माण केला त्यांनाही चुकलेलं नाही.

आता मशीनकडं येतो.

माझा हौद बांधला तेव्हा ड्रम नव्हता. मीही दाजीच होतो. तीन कप्प्यांची टाकी बांधली होती: पहिल्यात गाळ बसवायचा, दुसऱ्यात ब्रश, तिसऱ्यात स्पंज आणि जाळीच्या चटया. पाणी दिसायला नितळ. दर रविवारी ब्रश काढून अंगणात धुवायचे. शेजारी वासावरून वार ओळखायचे. पण मासे खाली बसून राहायचे, अंगावर मधूनच लाल शिरा उमटायच्या, आणि मला कळेना की इतकं नितळ पाणी असून बिघडतंय काय. उत्तर स्वयंपाकघरात होतं. चहा गाळला, चोथा गाळणीतच ठेवला, आणि पुढचे सहा दिवस सगळा चहा त्याच चोथ्यातून गाळत राहिलो, तर रविवारी गाळणी धुतल्याचं कौतुक कुणाला? गाळ दृष्टीआड गेला होता, पाण्याबाहेर गेला नव्हता. ब्रशात अडकलेली विष्ठा सोमवारी मऊ होते, मंगळवारी फुटते, आणि तिथून पुढं ती पाण्यात विरघळत राहते. टाकी घाण काढत नव्हती, मुरवत होती.

ड्रम हे मुरवणं थांबवतो. बाकी काही करत नाही, पण हे करतो. आडवा पिंप, त्याच्या भोवती स्टीलची बारीक जाळी, साधारण ६० मायक्रॉनची. आपला केस ७० च्या आसपास असतो, त्याहूनही जाळीचं छिद्र बारीक. हौदाचं पाणी पिंपाच्या आत शिरतं, जाळीतून बाहेर पडतं, घाण आत राहते. जाळी चोंदली की बाहेरच्या बाजूची पातळी उतरते, कारण तिथला पंप पाणी ओढतच असतो. पातळी ठरलेल्या खुणेखाली गेली की सेन्सरला कळतं, पिंप फिरतो, वरून जोराच्या फवाऱ्यानं जाळी धुतली जाते आणि घाण आतल्या पन्हळीत पडून बाहेर जाते. विष्ठा पडल्यापासून काही मिनिटांत ती हौदाच्या पाण्यातून कायमची गेली. हे माणसानं करायचं म्हटलं तर दिवसातून चाळीस-पन्नास वेळा गाळणी धुवायला बसावं लागेल.

"मग तुमचाच ड्रम पहिल्या वर्षी का चालला नाही?" हा दाजींचा खरा बाण. सगळ्या नातेवाइकांना ती गोष्ट माहीत आहे, मीच दिवाळीत सांगितली होती. झालं असं की ड्रम आणला, पण हौदाच्या तळापासून पाइप काढायचा तर फरशी फोडावी लागणार होती. विकणाऱ्यानं सोपा मार्ग सांगितला: हौदातच सबमर्सिबल पंप टाका, घाण वर ड्रमात ढकला, गाळलेलं पाणी आपोआप खाली येईल. मीही आळशी, मान डोलावली. ड्रम रात्रंदिवस फिरत होता आणि पाणी ताकासारखं. महिनाभर मी ड्रमला शिव्या दिल्या. पंपाचं पातं मिनिटाला हजारो वेळा फिरतं, आणि कोईची विष्ठा म्हणजे काही खडा नव्हे, ओल्या मैद्याची वळी. पातं तिला कुटून इतकी बारीक करत होतं की ६० मायक्रॉनची जाळी बघतच राहायची. पुरण वाटून झाल्यावर त्यातली डाळ वेचायला बसावं, तसला उद्योग.

शेवटी फरशी फोडली. गवंडी अनगोळचा. त्याला मी कागदावर काढून दाखवत होतो की हौदातलं पाणी आणि ड्रममधलं पाणी एका पातळीत राहिलं पाहिजे, पंप ड्रमच्या पुढं, स्वच्छ बाजूला बसणार, तो तिथून पाणी उचलेल आणि मागचं पाणी आपोआप येईल. त्यानं कागद बाजूला सारला, पिशवीतून आपली पारदर्शक नळी काढली आणि म्हणाला, "ह्ये तर आमची लेवल पाइप की हो काका!" तीच ती नळी. तिच्यात पाणी भरून एक टोक ह्या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला धरून गवंडी जोत्याची पातळी काढतात. हौद हे नळीचं एक टोक आणि ड्रम दुसरं. एवढंच तंत्र आहे. विकणाऱ्याला ते सांगता आलं नव्हतं आणि मला विचारता आलं नव्हतं.

ही पातळी बोटभर चुकली की काय होतं तेही सांगतो, कारण ड्रम 'बिघडला' म्हणून जे ओरडतात त्यांतल्या बऱ्याच जणांचं यंत्र धडधाकट असतं आणि बांधकाम चुकलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये ऊन खाऊन हौदाचं पाणी दोन बोटं उतरतं. सेन्सरला वाटतं जाळी चोंदली. तो धुतो, पातळी वर येत नाही, पुन्हा धुतो, आणि धुण्यापायी पाणी आणखी उतरतं. मालक सकाळी उठून बघतो तर हौद अर्धा. उलट आषाढात आमच्याकडं आभाळ फाटतं तेव्हा पातळी चढते, पाणी पन्हळीच्या कडेवरून सरळ बाहेर जाऊ लागतं आणि ड्रम गप्प, कारण त्याच्या लेखी सगळं आबादीआबाद. दोन्हीला औषध साधं आहे. उन्हाळ्यासाठी बॉलकॉक आणि पावसाळ्यासाठी नेमक्या उंचीवर काढलेलं मोठं सांडव्याचं भोक. बॉलकॉकला नळाचं पाणी थेट जोडू नका, त्यात क्लोरीन असतं. टाकीत साठवून, हायपो टाकून मग सोडा. हायपो म्हणजे तोच, जुन्या फोटो स्टुडिओतल्या काळ्या खोलीतला.

आणि पाइप. ह्या विषयावर मला थोडं जास्त बोलू द्या, कारण दाजींच्या घरामागं अकोळ रोडला खड्डा खणून झालाय आणि त्यांच्या प्लंबरनं "सहा इंची टाका, जन्मात चोक होणार नाही" असा सल्ला दिलाय. सल्ला ऐकायला गोड आहे. पण सांडपाण्याच्या पाइपाला जे लागतं तेच तळाच्या पाइपाला लागतं: वेग. चार इंची पाइपातून ताशी १०,००० लिटर नेलं तर पाणी सेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटर पळतं, घाण सोबत घेऊन. तेवढंच पाणी सहा इंचीतून नेलं तर वेग निम्म्याहून खाली, १५-१६ सेंटिमीटरवर येतो. मग घाण वाटेतच बसते. पाइप चोक होणार नाही हे खरं, पण तो पाइप राहणारच नाही, जमिनीखालची गाळटाकी होईल, जिथं ना हात पोचतो ना ब्रश. आणि एक दिवस कुणीतरी पंप मोठा बसवेल तेव्हा वर्षभर कुजलेलं सगळं एका दमात हौदात येईल. पाणी जास्त आणायचं तर चार इंचीच्या दोन ओळी टाका, प्रत्येकीला स्वतःचा तळनाळ.

पृष्ठभागावरची पानं ओढणारा स्किमर त्याच पंपाला जोडलेला असेल, तर तोही आपला वाटा मागतो. दोन्हीकडं मोकळी वाट दिली तर तळाच्या पाइपाला पाच हजारच उरतात आणि पुन्हा तेच. माझ्याकडं स्किमरची झडप पाऊण बंद असते, फक्त गुलमोहर झडतो तेव्हा उघडतो. काटकोनी एल्बो टाळा, दोन अर्धे वळवा. हौदाचे कोपरे गोल करून घ्या. गवंडी कुरकुर करेल, कारण चौकोन त्याच्या हातात बसलेला असतो. परतीचं पाणी भिंतीच्या कडेनं तिरकं सोडा म्हणजे सगळं पाणी सावकाश गोल फिरेल. चहाच्या कपात चमचा फिरवून थांबलं की चोथा कडेला न जाता मध्ये गोळा होतो ना, तसंच. हे का होतं ते १९२६ साली खुद्द आइन्स्टाइननं लिहून ठेवलंय. हौद खणणाऱ्यानं ते वाचायची गरज नाही, चहा प्यायला तरी पुरे.

पाण्याचं आधी बघणं आमच्या गावाला नवं नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं ते एकमेव. त्यासाठी टिळकवाडीत मुद्दाम खोदलेली विहीर अजून उभी आहे, तेव्हा तिला पंपा सरोवर म्हणाले. हजारो माणसं यायची तर कमानी-पताकांच्या आधी पाण्याचं बघावं लागतं, एवढं गंगाधरराव देशपांड्यांना आणि त्यांच्या लोकांना कळत होतं. आमच्याकडं हौदाचा क्रम उलटा लागतो: आधी मासे, मग दगडी धबधबा, मग रंगीत दिवे, मग ड्रम, आणि पाइप प्लंबरला सुचेल तसा.

दाजींचा दुसरा मुद्दा विजेचा. "चोवीस तास मीटर पळायलाय." पळतोय, पण कुणाचा? ड्रम नको म्हणणारे पुष्कळदा पोहण्याच्या तलावाचा वाळूचा फिल्टर बसवतात, स्वस्त मिळतो म्हणून. वाळूतून पाणी रेटायला दाब लागतो. एक एचपीचा पंप चोवीस तास चालला की दिवसाला १८ युनिट. ड्रममध्ये पाणी रेटायचंच नसतं, पातळी तर एकच. पुढं जेमतेम मीटरभर उचलायचं, त्याला शंभर वॅटचा पंप पुरतो: दिवसाला अडीच युनिटसुद्धा नाहीत. राहिला धुण्याचा पंप. तो एक एचपीचा धरा, एका वेळी दहा सेकंद, दिवसातून ४५ वेळा. एकूण साडेसात मिनिटं. युनिटचा दहावा हिस्सा. यंत्राची किंमत पहिल्या दिवशी टोचते हे मान्य. पण उद्यमबागेत ओतीव कामं आणि हायड्रॉलिकचे भाग बनवणाऱ्या शहराला एक पिंप, एक जाळी आणि चार नोझल जमू नयेत, असं त्यात काही नाही. माझा दुसरा ड्रम तिथल्याच एका लहान वर्कशॉपनं केलाय. दिसायला ओबडधोबड आहे, पण मासे बाहेरून बघत नाहीत.

तिसरा मुद्दा पाण्याचा, आणि हा मला हसण्यावारी नेता येत नाही. बेळगावच्या दोन-चार भागांत चोवीस तास नळ आला तेव्हा बाकीचं शहर घागरी मांडून पाण्याचा वार मोजत होतं. अशा गावात माशांच्या हौदाला पाणी? मी मोजलंय. एका धुण्याला सात लिटर, दिवसाला ४५ धुणी, म्हणजे ३१५ लिटर. आठवड्याला २,२०० लिटर, हौदाच्या ११ टक्के. पण ड्रम नसतानाही दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावंच लागतं, नाहीतर नायट्रेट साठत जातं. ते मी आधी रविवारी एकदम गटारात सोडत होतो, आता ड्रम रोज थोडं थोडं बाहेर काढतो, आणि ते खताचं पाणी परसातल्या दोन नारळांना आणि केळीच्या बेटाला जातं. तेवढीच भर वर्षाचे चार महिने छपरावरच्या पावसातून आणि उरलेले विहिरीतून येते. ज्याला हौद भरायला टँकर मागवावा लागतो त्यानं कोई पाळू नये, हे मात्र मी दाजींच्याही पुढं जाऊन म्हणेन. तिथं ड्रमचा प्रश्नच येत नाही.

इथवर मी ड्रमचा वकील. पण साखरपुड्याच्या त्याच संध्याकाळी, दुसरं पान लावताना, दाजी सहज म्हणाले, "बरं, लावला ड्रम. मग बारा कशाला, पन्नास सोडू की!" आणि इथं मला माझ्याच अशिलाविरुद्ध उभं राहावं लागतं.

दाजी वखारीत वाढलेले. लहानपणी त्यांनी तंबाखू चाळणाऱ्या बायका पाहिल्यात, नाकातोंडाला पदर बांधून दिवसभर बसलेल्या. चाळणीत जे अडकतं ते काडीकचरा. त्यानं कुणाला खोकला होत नाही. चाळण ज्याला अडवू शकत नाही तो बारीक भुगा हवेत उडतो आणि छातीत जातो. ड्रमचंही तसंच आहे. माशाला मारणारी गोष्ट त्याच्या विष्ठेत फारशी नसतेच. अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर पडतो, श्वासाबरोबर, थेट पाण्यात विरघळून. जगातली कुठलीही जाळी त्याला अडवत नाही, मग ती ६० मायक्रॉनची असो वा सहाची. त्याला खाणारे जिवाणू लागतात. ते ड्रमच्या पुढच्या कप्प्यात, हवेनं ढवळलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्यांवर किंवा सच्छिद्र दगडांवर राहतात, आणि तिथं त्यांची वस्ती बसायला आठवडेच्या आठवडे जातात. ड्रम त्यांच्या दारातली घाण उचलतो. त्यांचं काम करत नाही.

पन्नास माशांचा हिशेब दाजींच्या खड्ड्यावरच मांडू. बारा फूट बाय बारा फूट, पाच फूट खोल: २०,००० लिटर. पन्नास कोई वाढून दोन-दोन किलोचे झाले की १०० किलो. वजनाच्या एक टक्का खाणं धरलं तर रोज एक किलो. त्यातून साधारण ३० ग्रॅम अमोनिया. २०,००० लिटरमध्ये दर लिटरला दीड मिलिग्रॅम, रोज. जिवाणू एक दिवस रुसले तर दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड मारताना दिसतील. त्या वेळी ड्रम अगदी छान फिरत असेल आणि पाणी काचेसारखं असेल, बरं का.

आणि जिवाणूंना नुसती हवा पुरत नाही, क्षारही लागतो. मिठाचा नव्हे, चुन्याच्या जातीचा, ज्यावर पाण्याचा सामू (पीएच) टिकून राहतो. एक ग्रॅम अमोनिया पचवताना ते सात ग्रॅमवर चुनखडीइतका क्षार खाऊन टाकतात. निपाणीकडच्या काळ्या रानात बोअरचं पाणी जड असतं, तिथं हे चटकन जाणवत नाही. उलट नोझलवर पांढरा थर धरतो, तो लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून काढावा लागतो. पण त्याच जड पाण्याचा सामू आठाच्या वर असला तर अमोनियाचं विष कितीतरी पटींनी चढतं: सामू सातला त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो, आठला पाच टक्क्यांच्या पुढं जातो. बेळगावात उलटी तऱ्हा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ शून्य. माझ्या बारा माशांचा रोजचा पाव किलो खाऊ महिन्याभरात हौदातला लिटरमागं पाऊणशे मिलिग्रॅम क्षार संपवतो. वर आषाढ-श्रावणाचा पाऊस उरलेला धुऊन नेतो. मग एका रात्रीत सामू कोसळतो, जिवाणू संप करतात, आणि सकाळी लोक ड्रम उघडून बघत बसतात. उपाय दुकानात मिळत नाही असं नाही, पण मी तिसऱ्या खातो. वेंगुर्ला-गोव्याकडून मासळी बाजारात येतात त्या. शिंपल्या धुऊन, वाळवून, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून पाण्याच्या वाटेत टांगतो, आणि पावसाळाभर रोज ऐंशी-नव्वद ग्रॅम खायचा सोडा विरघळवून टाकतो. पन्नास माशांना हाच सोडा रोज साडेतीनशे ग्रॅमवर लागेल. वाण्याला वाटेल दाजींनी भज्यांचा गाडा काढला.

लाइट जाण्याचंही सांगून ठेवतो. गेली की आधी ड्रमकडं धावू नका, तो तासभर थांबला तर काही होत नाही. पातळी हौदाशी एक होऊन पाणी उभं राहतं, एवढंच. हवेचा पंप इन्व्हर्टरवर ठेवा. साठ वॅटचं काम आहे, घरातल्या एका पंख्याएवढं. तेवढ्या वेळात घुसमटतात ते मासे आणि जिवाणू.

हिरव्या पाण्यावरून ड्रमला बोल लावू नये. त्या शेवाळाच्या पेशी जाळीतून सहज निसटतात, त्यांच्यासाठी यूव्ही दिवा वेगळा असतो. रंकाळा तलावावर फिरायला जाऊन आलेल्या कुणालाही पाणी हिरवं का होतं हे ठाऊक आहे: आत येणारं जास्त, बाहेर जाणारं कमी.

दाजी, तर माझं उत्तर असं. ड्रम लागतोच असं नाही. चार मासे ठेवा, हौद मोठा करा, कमळं लावा, रविवारी ब्रश धुवा, मी येऊन चहा पिऊन जाईन आणि ड्रमचं नावही काढणार नाही. पण बारा ठेवणार असाल तर ड्रम आधी जमिनीत ठरू द्या, मग वर येऊ द्या. खड्डा अजून उघडा आहे, फरशीचं काम दिवाळीनंतर आहे, अनगोळचा गवंडी निपाणीला यायला तयार आहे, त्याची नळी घेऊन. तेवढ्यात तो सहा इंची पाइप दुकानात परत करून चार इंचीचे दोन आणा. कापला नसेल तर घेतील. बिल ठेवलंय न्हवं?